वांग्यावरचा संशय

आमच्या दाजींनी आयुष्यात कधी कुठल्या माणसावर अविश्वास दाखवला नाही. तो सगळा त्यांनी अन्नासाठी राखून ठेवला होता. दारावर येणारा व्हॅक्युम क्लीनरवाला, जुनी गाडी गळ्यात मारणारा दलाल, "तुम्हाला बक्षीस लागलंय" असं फोनवर सांगणारी बाई, या सगळ्यांवर त्यांनी लहान मुलासारखा भरवसा ठेवला. पण ताटात भरलं वांगं आलं की त्यांचे डोळे बारीक व्हायचे, मान एका बाजूला कलायची, आणि 'तू कोण, आलंस कुठून, आणि आत गेल्यावर तुझा विचार काय आहे' अशा नजरेने ते त्या वांग्याकडे बघत राहायचे. वांगं बिचारं दाण्याच्या कुटात निमूट पडलेलं असायचं. शेवटी ताई म्हणायची, "अहो, त्याचा जबाब घेऊन झाला असेल तर जेवा आता." तोवर दाजी उठून दिवाणखान्यात फेऱ्या मारायला लागलेले असायचे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. माणूस अस्सल सोलापूरचा. ब्याण्णव साली मी डेट्रॉइटला मास्टर्स करायला आले तेव्हा ही दोघं तिथून जवळच, नोव्हायला राहत होती. आठवडाभर मी युनिव्हर्सिटीजवळच्या खोलीत पावाला काहीबाही फासून दिवस काढायचे आणि शनिवारी सकाळी दाजी मला गाडीतून घरी घेऊन जायचे. हा प्रवास शांतपणे पार पडला असं कधी झालं नाही. एकदा भर हायवेवर त्यांनी गाडी बाजूला घेतली, बर्फात उतरले, चारी दारं उघडून प्रत्येक दाराला कान लावला आणि अखेर माझ्या बॅगेच्या चेनकडे बोट दाखवून म्हणाले, "ही. ही वाजतेय मघापासून. हातात धर." मग पुढचा सगळा रस्ता मी ती चेन चिमटीत धरून बसले.

यात वेडेपणा नव्हता, तो त्यांचा पेशा होता. दाजी एका मोटार कंपनीत खडखड शोधायच्या खात्यात होते. असं एक खातं असतं हे मलाही तोवर ठाऊक नव्हतं. नवी गाडी बाजारात आणण्याआधी मुद्दाम खडबडीत केलेल्या रस्त्यावरून चालवायची आणि आत कुठे टकटक, खुळखुळ, करकर ऐकू आली की एकेक भाग काढत जायचं. समोरचा कप्पा काढला, आवाज आहे? आहे. दाराचं आतलं कव्हर काढलं, आहे? आहे. असं करत करत जो भाग काढल्यावर गाडी गप्प होईल तो गुन्हेगार. या कामात दाजींचा हात धरणारा कुणी नव्हता. बडे बडे अमेरिकन साहेब गाडी घेऊन त्यांच्याकडे यायचे आणि दाजी डोळे मिटून मागच्या सीटवर बसायचे.

घोटाळा एवढाच झाला की हीच पद्धत त्यांनी स्वतःच्या पोटाला लावली. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीच्या जेवणानंतर एका संध्याकाळी त्यांच्या पोटात गुरगुरलं. दिवाळीच्या जेवणानंतर कुणाच्या पोटात गुरगुरत नाही? इतरांनी ओवा चघळला आणि ते झोपले. दाजींनी तपास सुरू केला. पहिला संशय वांग्यावर गेला, कारण पानात ते सगळ्यात शेवटी पडलं होतं. वांगं बंद झालं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गुरगुरलं, बटाटा गेला. मग तुरीची डाळ गेली, मग मटकी, मग दूध. एक दिवस शेंगदाणा गेला. शेंगदाण्याची चटणी सोडल्याचं दाजींनी फोनवर सोलापूरला आपल्या आईला सांगितलं, तेव्हा त्या माऊलीने घाबरून विचारलं, "नोकरी सुटली का रे बाळा?" आणि यातली खरी गोम ताईने पहिल्याच वर्षी ओळखली होती. ती म्हणायची, "गाडीचे काढलेले पार्ट तुम्ही परत बसवता ना? मग माझं वांगं कधी परत येणार?" त्यावर दाजी म्हणायचे, "इन्व्हेस्टिगेशन चालू आहे."

बरं, तपासाला आधार काय, तर ऐकीव गोष्टी. दाजींचं आहारशास्त्र दाही दिशांनी आलेलं होतं. थोडं ऑफिसात वजनं उचलणाऱ्या सहकाऱ्याकडून, थोडं टीव्हीवरच्या जाहिरातींतून, थोडं सोलापूरच्या कुणा वैद्यबुवांच्या आठवणीतून, आणि उरलेलं ग्रोसरीच्या काउंटरवरच्या मासिकांच्या नुसत्या मुखपृष्ठांवरून, कारण मासिक विकत घेऊन आत काय लिहिलंय ते वाचायची त्यांना कधी गरज वाटली नाही. भात सूर्यास्तानंतर खाल्ला की सकाळपर्यंत पोटावर बसतो. केळ्याने कफ होतो आणि केळं अमेरिकेतलं असेल तर जास्तच होतो. तूप घशातून निघतं ते वाटेत कुठेही न थांबता थेट हृदयात जाऊन बसतं. साखर वाईट, पण तपकिरी साखर ही मुळी साखरच नव्हे. संत्र्याचा रस बादलीभर प्यावा, संत्रं मात्र जपून खावं. आणि ज्या वस्तूवर 'फॅट-फ्री' असं छापलेलं आहे तिच्यापासून मनुष्याला कुठलाही धोका संभवत नाही. त्या काळात अमेरिकेत जिकडेतिकडे ते दोनच शब्द दिसायचे आणि दाजी त्यांच्यापुढे अक्षरशः हात जोडायचे बाकी होते. फॅट-फ्री बिस्किटांचा डबा घेऊन ते फेऱ्या मारायला लागले की डबा संपल्यावरच थांबायचे. मी एकदा म्हटलं, "दाजी, त्यात साखर केवढी असते!" तर म्हणाले, "अगं, इथे झिरो लिहिलंय बघ. झिरोला कितीनेही गुणलं तरी झिरोच." ताई आतून ओरडली, "मग पुठ्ठ्यासकट खा, पुठ्ठ्यातही फॅट नसतं!"

त्यांच्याबरोबर ग्रोसरीला जाणं ही तर शिक्षाच होती. एकेक डबा उचलायचा, चष्मा कपाळावर सारायचा, मागचं बारीक अक्षरातलं लेबल नाकाशी नेऊन वाचायचं, हुंकार द्यायचा आणि डबा उलटा ठेवून पुढे जायचं. आम्ही बाहेर पडायचो तेव्हा त्या रांगेतले अर्धे डबे भिंतीकडे तोंड करून उभे असायचे. घरोघरून एकेक पदार्थ आणायच्या मंडळाच्या पॉटलकला तर बायका त्यांना पाहून आपापली पातेली झाकायच्या. गणपतीच्या जेवणात एका काकूंना त्यांनी विचारलं, "काकू, या उसळीत नक्की काय काय आहे?" काकू नागपूरच्या, सरळ स्वभावाच्या. म्हणाल्या, "प्रेम आहे अन् तिखट आहे. घ्यायची तर घ्या." दाजींनी घेतली नाही. ते पाण्याचा ग्लास घेऊन हॉलभर हिंडत राहिले आणि ताई कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटी जेवली.

असं करता करता तिसऱ्या वर्षी दाजींच्या खाण्यात उरलं काय, तर ओट्‌स, उकडलेला कोबी, अंड्याचा पांढरा भाग, सफरचंद आणि ती बिस्किटं. तेही बसून नाही, कारण बसल्याने पोट दाबलं जातं. वाडगं हातात घेऊन स्वयंपाकघर, दिवाणखाना, खिडकी, परत स्वयंपाकघर असं त्यांचं जेवण चालायचं. माणूस अगदी वाळत गेला. तोंडात सारखे फोड, ओठांच्या कडा चिरलेल्या, जिना चढला की धाप. आणि एवढं होऊनही त्यांचं म्हणणं काय, तर उरलेल्यांपैकीच कुणीतरी फितूर आहे. "आय थिंक इट्स द ॲपल," असं एका शनिवारी ते मला गाडीत गंभीरपणे म्हणाले. मला हसू आवरेना, आणि त्यांच्या स्टिअरिंगवरच्या हाताकडे लक्ष गेलं तेव्हा भीतीही वाटली. मनगटाची हाडं अशी वर आली होती.

याच सुमाराला ताईला दिवस गेले. घरात आनंदीआनंद झाला आणि दाजींच्या फेऱ्यांचा वेग वाढला. डॉक्टरांनी ताईला त्यांच्याच क्लिनिकमधल्या डाएटिशियनकडे पाठवलं. ताईच्या सोबतीला मी होते, आणि आम्हा दोघींच्या पुढे दाजी होते. डाएटिशियन एक वयस्कर, जाडजूड, हसरी गोरी बाई होती. तिने ताईला विचारलं, आठवड्याभरात काय काय खातेस? ताई आपली भीत भीत सांगत गेली. ज्वारीची भाकरी, कधी पोळी, कधी भात. मुगाची डाळ, मटकीची उसळ, मेथी, पालक, गाजराची कोशिंबीर, घरचं दही, तिळाची चटणी, जवसाची चटणी, कधी मासे, मिळालं तर वांगं. ती बाई लिहायचं सोडून ऐकतच राहिली. म्हणाली, "हे तू रोज एका घरात शिजवतेस? मग मी तुला काय शिकवू? हेच खा, फक्त थोडं जास्त खा." दाजींना राहवेना. ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आणि माझं ऐका." मोठ्या अभिमानाने त्यांनी आपल्या त्या मोजक्या वस्तू सांगितल्या, प्रत्येक वस्तू का काढली याचा इतिहासही सांगितला. तिने दाजींच्या ओठांकडे पाहिलं, नखं पाहिली आणि शांतपणे म्हणाली, "सर, तुम्हाला त्रास देणारी गोष्ट तुमच्या ताटात सापडणार नाही. जे ताटात नाही त्याचा हा त्रास आहे. आधी रक्त तपासून घ्या."

रिपोर्ट आला. पोटुशी बाईचं रक्त उत्तम आणि तिच्या नवऱ्याचं कमी! त्या आठवड्यात फार्मसीतून लोहाच्या गोळ्यांच्या दोन बाटल्या घरी आल्या, एक पोटुशी बाईला नेहमीच देतात ती ताईची आणि एक दाजींची. मी पोट धरधरून हसले. ताईही हसली, पण तिचं हसणं अर्ध्यात थांबलं. तिला त्या दिवसांत कोबीचा वाससुद्धा सहन होत नव्हता. दाजींचा कोबी शिजायला लागला की ती बाल्कनीचं दार उघडून त्या मिशिगनच्या थंडीत शाल गुंडाळून उभी राहायची. मग एक दिवस तिने सांगून टाकलं, "मी बाळंतपणाला सांगलीला जाते. तिकीट बुक केलंय. सातव्या महिन्याच्या आत विमानात बसावं लागतं."

पहिलं बाळंतपण माहेरी, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आईने तर तिकडे तयारीही सुरू केली. पण ताईचा पहिल्यापासूनचा बेत इथेच बाळंत व्हायचा होता, दाजी जवळ असताना. दाजींना रजा मिळायची शक्यता नव्हती. ती गेली म्हणजे मूल जन्मेल तेव्हा हे हजारो मैलांवर, टेलिफोनच्या टोकाला. ते त्यांना पक्कं माहीत होतं. त्या शनिवारी त्यांनी मला आणलं तेव्हा गाडीत रेडिओ नाही, खडखड नाही, काही नाही. घरात शिरताच फेऱ्या सुरू झाल्या.

"तिकडे असं काय मिळणार आहे?" ते चालता चालता विचारत होते. "कैरी पाहिजे? मी कॅनडातून आणतो. चिंच आहे. पेरू मिळतो मेक्सिकन स्टोअरमध्ये. तुला डोहाळे कसले लागलेत ते तरी सांग, मी अरेंज करतो!"

"बसा," ताई म्हणाली.

"अगं पण..."

"आधी बसा हो! तुमच्या मागे मान फिरवून फिरवून मला चक्कर येतेय."

दाजी बसले. टेबलाशी त्यांना बसलेलं मी किती दिवसांनी पाहत होते. ताईने सांडशी ओट्यावर ठेवली. तिचा आवाज चढला नव्हता.

"मला डोहाळे कसले लागलेत सांगू? माझ्यासमोर बसून कुणीतरी जेवावं, एवढेच. तिकडे आई असते, बाबा असतात, शेजारच्या मावशी डोकावतात, कुणीतरी म्हणतं, मीठ कमी पडलंय गं. इथे मी तीन वर्षं एकटी जेवतेय. शनिवारी ही येते म्हणून शनिवारी भाजीला फोडणी द्यावीशी वाटते. बाकी दिवस पातेल्यातच चमचा घालते मी, ताटसुद्धा घेत नाही. आणि उद्या ते मूल पहिला घास घेईल तेव्हा तुम्ही काय करणार आहात? वाडगं घेऊन खिडकीशी उभे राहणार?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी फ्रिज उघडून उगाच दही शोधत बसले. मग मागून दाजींचा आवाज आला. "वाढ," ते म्हणाले. ताईने ताट केलं. भाकरी, वांगं, मेथीची पातळ भाजी. ते हात धुऊन आले आणि जेवले. अगदी हळू, एकेक घास चावत, मध्येच डावा हात पोटावर ठेवून आत काही ऐकू येतंय का याचा अंदाज घेत. तोंडातल्या फोडांना तिखट झोंबत असणार, डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, पण ते तिखटाचंच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही. अर्धी भाकरी झाल्यावर म्हणाले, "मीठ कमी आहे." नव्हतं कमी. ताईने मुकाट्याने मीठ वाढलं.

त्यानंतर काढलेले भाग परत बसवायला सुरुवात झाली, आणि तेही खात्याच्या शिस्तीने. एका वेळी एकच वस्तू, आठवडाभर निरीक्षण, मग पुढची. मटकीचा आठवडा, बटाट्याचा आठवडा. गुन्हेगार म्हणून वर्षानुवर्षं आत टाकलेले एकामागून एक निर्दोष सुटत होते. दूध तेवढं खरंच सोसत नव्हतं, ते बाहेरच राहिलं. दह्याने मात्र काही कुरकुर केली नाही. पण दाजींना मध्यम गती कुठली ठाऊक! लवकरच त्यांना विविधतेचं वेड लागलं. कालची भाजी आज दिसली की अस्वस्थ व्हायचे. हीटरच्या झरोक्याजवळ फडक्यात बांधलेल्या मोडांच्या पुरचुंड्या दिसायला लागल्या, मटकीच्या, मुगाच्या, मेथीदाण्यांच्या, आणि घरात शिरणाऱ्या माणसाला त्या ओलांडून जावं लागायचं. लेबनीज सहकाऱ्याकडून कोथिंबिरीसारखी दिसणारी कसली कसली कोशिंबीर आली. अमेरिकन कोलार्डची पानं आणून त्यांनी ताईकडून अळूसारखं फदफदं करवून घेतलं, आणि ते चांगलं झालं हो! ग्रोसरीत आता ते नावं माहीत नसलेले कंद उचलून म्हाताऱ्या बायकांना विचारायचे, "मॅडम, हे तुमच्याकडे कसं करतात?" बायका खुश होऊन सांगत बसायच्या आणि मी आपली गाडीत जाऊन बसायचे.

तिकीट मात्र कपाटात तसंच होतं. ताई त्याबद्दल बोलत नव्हती आणि दाजींची विचारायची छाती होत नव्हती. दर शनिवारी ते मला गाडीत विचारायचे, "तुला काही म्हणाली का गं?" मी म्हणायचे, नाही. जायची तारीख अगदी तोंडावर आली तेव्हा एका दुपारी ताईने माझ्यादेखत ट्रॅव्हल एजंटला फोन लावला आणि म्हणाली, "कॅन्सल करून टाका." फोन ठेवून माझ्याकडे न बघताच म्हणाली, "रोज जेवायला बसतात गं हे. आता मी कशी जाऊ?"

आता आमची आईच इकडे यायची होती, पण तिला व्हिसा मिळाला नाही. मुलगी झाली त्या दिवशी ताईजवळ आम्ही दोघंच. नर्सने बाळंतिणीसाठी ट्रे आणला, त्यात बर्फ घातलेलं पाणी, गारढोण चीज सँडविच आणि थरथरणारी लाल जेली. बाळंतिणीला बर्फ! मी भांडायच्या तयारीत उठले, तर दाजी कधीच गायब. आले ते धापा टाकत, कोटाच्या आत थर्मास धरून. सोलापूरला आपल्या आईला फोन करून, ओळ न ओळ विचारून त्यांनी अळिवाची खीर केली होती, नारळ, गूळ, जायफळ आणि तूप, हो, तूप घालून. ती त्यांनी थर्मासच्या झाकणात ओतून ताईच्या हातात दिली. मग खुर्ची पलंगाजवळ ओढली, बसले, आणि ते गार सँडविच स्वतः खाऊ लागले, कारण तिने एकटीने खायचं नव्हतं.

मग मी डिग्री घेऊन नोकरीसाठी पार पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलला आले. इथे पाऊस, काम, आणि एक मोठं रिकामं अपार्टमेंट. दर रविवारी दाजींचा फोन येतो. हवा, नोकरी, गाडीचं ऑइल हे सगळं विचारून झालं की हळूच विचारतात, "आज कुणाबरोबर जेवलीस?" सुरुवातीला मी थापा मारायचे, मैत्रिणी आल्या होत्या वगैरे. एका रविवारी थाप सुचली नाही. दाजी म्हणाले, "मग फोन ठेवू नकोस. आम्ही पण आत्ताच बसतोय." त्यांनी स्पीकर लावला आणि फोन टेबलावर ठेवला. ताई काहीतरी वाढत होती. भाची "नो मोर भाजी, बाबा!" म्हणून तक्रार करत होती. तेव्हापासून दर रविवारी हे असंच चालतं. त्यांच्याकडे सात वाजलेले असतात, म्हणजे माझ्याकडे चार. दुपारी चार ही काही जेवायची वेळ नव्हे. पण मी स्वयंपाक करून ठेवते, ताट वाढून घेते, आणि फोन समोर ठेवून टेबलाशी बसते.